काजळगडचा गुळव्या

"आधी बोल, मग बघ."

मामा हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणायचे. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायचे, बोटांना काहीतरी चिकटलंय आणि ते किती चिकट आहे हे तपासल्यासारखे. मी घड्याळाकडे मान वळवली रे वळवली की लगेच, "आधी बोल, किती वाजलं असतील? मग बघ." पेठेतला फुटबॉलचा सामना कोण जिंकलं, आज ऊन किती, डब्यात भाजी कुठली, सगळ्याला हाच कायदा. एकदा मी चिडून "पावणेबारा!" असं ओरडले आणि मोबाईलवर अकरा चव्वेचाळीस निघाले. त्या दिवशी मामा माझ्यावर इतके खूश झाले की खाली जाऊन लेकीच्या डब्यातले दोन शेंगदाण्याचे लाडू माझ्यासाठी घेऊन आले.

आपला धंदा सोडला तरी धंद्याची सवय ज्यांना सोडत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रिटायर झालेले मास्तर लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका काढतात, तसंच. मामांचा धंदा काय होता हे मात्र आम्हाला बरेच दिवस कळलं नाही, आणि कळेपर्यंत आम्ही भलतंच समजून बसलो होतो.

आमचं ऑफिस शिवाजी पेठेत, एका घराच्या वरच्या मजल्यावर. आम्ही पाच जण व्हिडिओ गेम बनवतो. पेठेत हे सांगितलं की लोक म्हणतात, "ते झालं, पण काम काय करता?" खालच्या मजल्यावर घरमालक राहतात. मामा हे त्यांचे सासरे, गाव सोडून लेकीकडे राहायला आलेले. त्यांचं नाव मी सांगत नाही. आम्हीही ते कधी वापरलं नाही.

पहिल्या दिवशी ते भांडायला आले होते. मी गेममधल्या तोफेचा आवाज तपासत होते आणि तो मला पुरेसा मोठा वाटत नव्हता. जिन्यात चपला वाजल्या. दारात पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा आणि खाली खोचलेलं धोतर.

"पावणं, वर लढाई लागलीया व्हय? खाली जावयाच्या ताटात माती पडालीया की!"

मी माफी मागायला उठले, पण मामांचं लक्ष पडद्याकडे गेलं होतं. तिथे दगडाचा एक अगडबंब राक्षस मुठी आपटत उभा होता.

"ह्यो कोण?"

"पाषाणदैत्य. त्याला मारायचं असतं."

"मग मारा की! बघत काय बसलाय?" असं म्हणून त्यांनी माझी खुर्ची ओढली आणि बसले. पुढचे दोन महिने त्या खुर्चीवर मला अकरा ते एक या वेळात बसायला मिळालं नाही.

आता तुम्हाला काजळगडबद्दल सांगायला हवं. ते सांगताना मी जरा वाहवत जाते, तेव्हा सांभाळून घ्या. काजळगड ही आमची गेमची मालिका. पहिल्या भागात मैना नावाची मुलगी गडावर येते, मंत्र शिकते आणि राक्षसांशी लढते. लोकांना फार आवडला. दुसऱ्या भागात आम्ही यंत्रं आणली. तांब्याचे हात, वाफेचे घोडे आणि ती तोफ. आणि तोफ आली तसे मंत्र मेले! मैना ओठ हलवून मंत्र पुरा करेपर्यंत तोफेने तीन राक्षस लोळवलेले असायचे. मग मंत्र म्हणणार कोण? पहिल्या भागावर जीव टाकणाऱ्यांनी आम्हाला शिव्या घातल्या, आणि त्या बरोबर होत्या.

तिसऱ्या भागाआधी वितरक कंपनीने स्पष्ट कळवलं. दोन महिन्यांत नमुना दाखवा. खेळणारे मंत्र आणि यंत्र दोन्ही आपल्या मनाने निवडतात असं दिसलं तर पुढे जाऊ, नाहीतर मालिका दुसऱ्या भागावरच थांबेल. हा तोल सांभाळणं हे माझं काम. मी मंत्रांची ताकद वाढवली की सगळे तोफ टाकून मंत्राकडे धावत. कमी केली की पुन्हा तोफेकडे. बेडकं तराजूत घालून मोजावीत तशी माझी गत झाली होती.

म्हणून मला मामा म्हणजे देवाने पाठवलेला माणूस वाटला. गावाकडचे, एकाहत्तरीचे, टोपीवाले. हे नक्की मंत्र घेणार! मामांनी सरळ तोफ घेतली.

"मामा, मंत्र घेऊन बघा की एकदा."

"नगं. मंत्राचं काम चाळीस वर्षं केलंय. आता तोफच दे."

पद्मजाने हळूच आपली खुर्ची लांब सरकवली. पद्मजा म्हणजे आमच्या गेमचे आवाज आणि निम्मा प्रोग्राम सांभाळणारी मुलगी, रोज जयसिंगपूरहून येते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. पण त्या दिवशी ती माझ्या कानात म्हणाली, "देवऋषी हायत वाटतं." चार दिवस आम्ही त्यांना चहाही जरा लांबूनच दिला. मग त्यांच्या लेकीनेच हसत हसत सांगितलं, की आप्पा गुळव्या होते.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावरचा खरा धनी. काहिलीत उसाचा रस उकळत असतो, आणि ती काहील कुठल्या क्षणी चुलवाणावरून उतरवायची हे गुळव्या ठरवतो. लवकर उतरवली तर नुसती काकवी राहते, गूळ धरत नाही. उशीर झाला तर करपते. मधला तो क्षण फार छोटा असतो, आणि मामा चाळीस वर्षं तो क्षण हुडकत होते.

खेळताना मामा गप्प बसत नसत. "ये की मुडद्या, ये! आलास? आता बस!" तोफ सुटली की स्वतःच मांडीवर थाप मारायचे. समोरच्या बाईंनी त्यांच्या लेकीला विचारलं होतं म्हणे, की तुमचे वडील रोज वर जाऊन कुणाला एवढं बोलतात? अत्तर असं लावायचे की ते जिन्यात असतानाच आम्हाला कळायचं. आणि एकाग्रता तर विचारू नका. एकदा त्यांच्या पाठीमागेच शेगडीवरचं दूध करपलं, खोलीभर धूर झाला, आम्ही खिडक्या उघडत धावलो, आणि मामा तोफा डागतायत. "काय झालं गं? पळालीस का?" मला त्या एकाग्रतेचं फार कौतुक वाटलं. मूर्ख होते मी.

एक दिवस मी हट्टच धरला. तोफ चांगली आहे हे कळलं, पण मंत्रात वाईट काय ते तरी सांगा.

"ह्यात हात कुठं हाय?" मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"बटण दाबलं की मंत्र सुटला. तूबी दाबलंस तर सुटतोय, मी दाबलं तर सुटतोय. चुकायचं कवा मानसानं? जे चुकत न्हाई ते यंत्र. तुझा मंत्र म्हंजे रंग लावल्याली तोफ हाय की."

मला राग आला. महिनाभर खपून केलेल्या कामाला कुणी रंग लावलेली तोफ म्हटलं की येतोच. पण रात्री जेवताना कळलं, की म्हातारा बरोबर बोलत होता. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हुशारीने मंत्रात चूक घातली. दहापैकी तीन वेळा मंत्र आपोआप फसेल, कधी ते सांगता येणार नाही. मामांना उत्साहाने दाखवलं.

ते भडकलेच. "ही जादू न्हाय, मटका हाय मटका! ह्याला काय शिकायचं? आकडा लागला तर लागला!" आणि तोफ टाकून ताडताड जिना उतरून गेले. अर्ध्यावरून परत वर आले आणि म्हणाले, "रविवारी सकाळी ष्टँडवर ये. तुला दावतो. त्या आवाजवालीलाबी सांग."

नृसिंहवाडीच्या रस्त्याला आत वळलं की ते गुऱ्हाळ. मामा आणि मी एसटीने गेलो, पद्मजा जयसिंगपूरहून स्कूटीवर आली. ऊसतोड जोरात होती. चिपाडांचे ढीग, चुलवाणाची धग, आणि गोड वास असा की श्वास घेतला तरी जीभ चिकटावी. मामांचा चेला आता तिथला गुळव्या होता. चाळिशीचा, धिप्पाड, मामांच्या पाया पडला. त्याच्या हातात तापमापकाची लांब काठी होती, आकडे दाखवणारी.

"मग यंत्रच आलं की इथे," मी म्हणाले.

"आलंय की. पर मामांचा कायदा तसाच हाय." चेला समजावून सांगू लागला. पाक जवळ आला की दोन वाटा. तुला कळालं असं वाटलं तर मोठ्यानं 'झाला' म्हणायचं, आणि म्हटलं की काहील उतरायचीच, काठीवरचा आकडा बघायला थांबायचं नाही. काठी नंतर, तू बरोबर होतास का चूक ते कळायला. आणि कळालं नाही तर गप काठी घालायची, तीन ठिकाणी, आकडा स्थिर होईतो थांबायचं. "काठीचा गूळ कवाच वाईट न्हाई. पर एक नंबरबी न्हाई, तेवढ्या वेळात जरा पुढं जातोयच. हाताचा गूळ एक नंबर, न्हाईतर मातीत."

मी तिथल्या तिथे उडी मारली! खरंच मारली, चिपाडाच्या ढिगावर पडले. महिनाभर मी ताकदीचे आकडे वरखाली करत बसले होते आणि उत्तर इथे धुरात उभं होतं. यंत्राने मोज, वेळ घालव, पण नक्की मिळव. नाहीतर वास, रंग, आवाज या खुणा ओळखून आधी बोल, आणि जे होईल ते सोस. मटका नाही, कारण खुणा खोटं बोलत नाहीत. ओळखणारा चुकतो! मी पद्मजाला हाका मारत सुटले. ती काहिलीशेजारी मोबाईल धरून उभी होती, रसाचा आवाज भरून घेत. "वरडू नको, आवाज येतोय त्यात," ती म्हणाली.

या सगळ्या गडबडीत मामा मात्र काहिलीजवळ आलेच नाहीत. लांब आंब्याखाली पाठ करून ऊस सोलत बसले होते. चेल्याने दोनदा बोलावलं. "तूच बघ," म्हणाले.

परतीच्या एसटीची वाट बघताना मी विचारलं. मामांनी लगेच सांगितलं, लपवलं नाही.

"साथीच्या वर्साला मला ताप आला. ताप गेला, पर वास गेला तो गेलाच. काय बी येईना. गुळव्याला वास न्हाई म्हंजे काय? कुणाला बोललो न्हाई. म्हटलं येईल. हंगाम सुरू झाला, तसाच हुबा ऱ्हायलो. सख्ख्या मेव्हण्याची काहील हुती. लोकं 'करपलं करपलं' म्हणून वरडाय लागली, तवा मला कळालं."

त्यांनी एसटी येते का ते बघितलं.

"काहील गेली त्याचं न्हाई गं. जातीया कवातरी. मेव्हण्यानं इश्वासानं माझ्या हातात दिल्याली, आणि मी त्याला सांगितलं न्हाई. त्या दिवशी ह्या कामातनं हात धुतलं."

मला ते करपलेलं दूध आठवलं आणि ओशाळल्यासारखं झालं. ते रोजचं अत्तरही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आम्ही वेड्यासारखं काम केलं. पाषाणदैत्यासमोर आता मैना मंत्र धरून ठेवते. दैत्य तापत जातो, त्याचा रंग बदलतो, आवाज बदलतो. नेमक्या क्षणी सोडला तर एकाच मंत्रात दैत्याचा चुरा. आधी सोडला तर तो तुम्हालाच उचलून आपटतो, नंतर सोडला तर मंत्र तुमच्यावरच उलटतो. शेजारी यंत्राची वाट आहेच. काचेची नळी रोखायची, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, तोवर दैत्याचे फटके चुकवायचे आणि मग तोफ. मामा रोज येऊन यंत्राची वाट तपासायचे. मंत्राच्या वाटेला हात लावायचे नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही.

नमुना बघायला कंपनीतून एक बाई आणि एक तरुण आले. आम्ही पेठेतले, तालमीतले, कॉलेजातले खेळणारे बोलावले होते. काय सांगू तुम्हाला! पहिल्या अर्ध्या तासात भांडणं लागली. तोफवाले मंत्रवाल्यांना म्हणतायत, "मर तिथंच उभा राहून," आणि मंत्रवाले म्हणतायत, "तुझा आकडा येईस्तोवर आमी जेवून येतो." दोन्ही बाजूंना माणसं होती! कंपनीच्या बाई हसत होत्या. मी टेबलाखाली पद्मजाचा हात दाबून दाबून लाल केला.

मग बाईंनी शंका काढली. मंत्र घेणारे सगळे रोज खेळणारे दिसतात. ज्याने मंत्र कधीच घेतला नाही अशा माणसाला तो जमेल का? नाहीतर ही वाट चार तरबेज लोकांचीच राहील, आणि मग कंपनीला परवानगी देता येणार नाही.

खोलीत असा माणूस एकच होता. सगळे मामांकडे बघू लागले.

"मला न्हाई जमायचं," मामा म्हणाले. "माझा हात गेलाय."

एकीकडे आमची मालिका, दुसरीकडे या माणसाची दुखरी जागा. शेवटी पद्मजानेच तोंड उघडलं.

"मामा, हितं वास कुणालाच येत न्हाई की. मलाबी न्हाई, हिलाबी न्हाई. पडद्याला कुठला आलाय वास?"

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बसले.

पहिला मंत्र त्यांनी फार लवकर सोडला. दैत्याने मैनेला उचलून कड्यावरून खाली फेकलं.

"काकवी झाली," मामा म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

दुसऱ्यांदा मैनेने मंत्र धरला. दैत्य तापू लागला. मामांची मान हळूहळू एका बाजूला कलली आणि त्यांनी डोळे मिटले. आधी आवाज मोठा होता, खळखळाट. मग तो जाड झाला. मग बुडबुडे सावकाश, एकेक फुटू लागले.

"आरं," मामा पुटपुटले, "ही काहील हाय."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही पद्मजाने सांगितलं नव्हतं, की तिने दैत्याच्या पोटात गुऱ्हाळावरचा तोच आवाज घातला आहे.

"झाला!"

केवढ्याने ओरडले! खाली जावई दचकले असतील. बटण सुटलं, दैत्याचा चुरा झाला, तालमीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, मी खुर्चीवर चढले. मामा अजून डोळे मिटूनच बसले होते.

"बरोबर हुतं?" त्यांनी विचारलं.

"बघा की मामा!"

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "अजून येक दे." पुढचे चार दैत्य त्यांनी डोळे मिटून, नुसत्या कानाने मारले. एकही चुकला नाही. बाईंनी वही मिटली आणि स्वतःच खेळायला बसल्या. आठवड्याभरात तिसऱ्या भागाला मंजुरी आली.

पण त्याआधीच, नमुना दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजले, साडेअकरा वाजले, मामा आले नाहीत. मी खाली गेले. लेक म्हणाली, "आप्पा पहाटेच्या गाडीनं गेले. वळकटी घेऊन. गुऱ्हाळावर." मला आधी चक्क राग आला. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू आणि आम्हाला न विचारता गेला! राग जायला जिन्याच्या दहा पायऱ्या पुरल्या.

उन्हाळ्यात ते चार दिवस लेकीकडे आले. वरही आले, पण खेळले नाहीत. नुसतं गुऱ्हाळाचंच सांगत होते. आता ज्याची काहील असेल त्याला आधी सांगतात, मला वास येत नाही, कानावर काम करतो, चालत असलं तर बघ. चेला काठी घेऊन शेजारी उभा असतो. "दोन काहिली घालवल्या," ते म्हणाले, "पर सांगून घालवल्या." मेव्हण्याने काय केलं असं मी विचारलं. "त्यानंच पयली दिली," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पुढच्या हंगामात काजळगडचा तिसरा भाग बाहेर पडला. लोक मंत्रवाले की यंत्रवाले यावरून एकमेकांशी भांडू लागले, आणि याहून मोठं यश आमच्या धंद्यात नाही. मी सगळ्यात आधी मामांना फोन लावला.

"मामा, काजळगड आला! लोक खेळायला लागले!"

"कोण बोलतंय?"

"मी की, वरची!"

"आगं पोरी, आत्ता न्हाई. काहील चढलीया. ठेव फोन."

आणि ठेवलाच. पद्मजाने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, कामात आहेत. आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेवटी डोळे पुसायला लागले. एकाहत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला आमच्याशी बोलायला वेळ नव्हता, आणि एवढा आनंद मला काजळगडच्या तिन्ही भागांनी मिळून दिला नव्हता.